न्यू जर्सीत राहताय? पोलीस, तिकीट, बंदूक आणि कोर्टाबद्दल आपले लोक नेहमी विचारतात ते प्रश्न

आधीच सांगतो, मी वकील नाही, आयटीवाला आहे. एडिसनमध्ये अठरा वर्षं काढली आणि या काळात एक ना एक भानगड बघितली, काही स्वतःच्या, बऱ्याचशा मित्रांच्या. गणपतीच्या जेवणाच्या रांगेत किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर रात्री अकरा वाजता जे प्रश्न येतात तेच इथे घेतलेत. आपल्याकडे जे किरकोळ वाटतं ते इथे कधीकधी भयंकर मोठं निघतं आणि जे मोठं वाटतं ते किरकोळ, त्यामुळे पुण्याहून आणलेल्या अंदाजावर चालू नका. प्रत्यक्ष केस अंगावर आली तर वकीलच गाठा.

पोलिसाने गाडी थांबवली तर उतरून बोलायला जायचं का?

अजिबात नाही. माझे सासरे पहिल्यांदा आले होते तेव्हाची गोष्ट, रूट २७ वर मागे लाल-निळे दिवे लागले आणि मी गाडी कडेला घेतोय तोवर हे सीटबेल्ट सोडून दरवाजाच्या खटक्याला हात लावतायत, "थांब, मी बोलतो साहेबांशी." त्यांच्या हिशोबाने ते बरोबरच होतं, आपल्याकडे उतरून चार शब्द अदबीने बोलणं हाच शिष्टाचार. इथे गाडीतून कोणी उतरलं की पोलिसाला ती धमकी वाटते. उजवीकडे थांबा, रात्र असेल तर आतला दिवा लावा, काच खाली करा, दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवा आणि ग्लोव्ह कंपार्टमेंट उघडण्याआधी सांगा की कागद तिथे आहेत. तीन गोष्टी लागतात: लायसन्स, रजिस्ट्रेशन, इन्शुरन्स कार्ड. इन्शुरन्स फोनवर दाखवलेलं चालतं.

आणि "काही सेटल होईल का" हा विचारसुद्धा डोक्यात नको. दोनशे डॉलरपर्यंतची लाच दिली तर थर्ड डिग्री क्राइम (या पायऱ्या पुढे सांगितल्यात, आकडा लहान तितका गुन्हा मोठा), त्याच्या वर सेकंड डिग्री, म्हणजे पाच ते दहा वर्षं. शंभर डॉलरच्या तिकिटासाठी, म्हणजे दंडाच्या चिठ्ठीसाठी.

पोलीस म्हणाला "गाडी तपासू का", तर नाही म्हणता येतं?

येतं, शांतपणे. न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने २००२ मध्येच ठरवून टाकलंय की रस्त्यावर थांबवलेल्या गाडीची झडती मागायची असेल तर पोलिसाकडे संशयाचं काहीतरी ठोस कारण हवं, उगाच विचारायचं नाही. ही सूट सगळ्या राज्यांत नाही. पण तुम्ही नाही म्हणालात तरी त्याने तपासलीच तर हुज्जत घालू नका, रस्त्यावर कोणी केस जिंकत नाही, ते कोर्टात वकील बघेल.

तिकीट आलंय, ऑनलाइन भरून मोकळा होऊ का?

हा प्रश्न दर महिन्याला येतो आणि दर महिन्याला मी तेच सांगतो. एनजेएमसी डायरेक्टवर (दंड ऑनलाइन भरायची इथली वेबसाइट) पैसे भरले म्हणजे तुम्ही गुन्हा कबूल केला. वीजबिल भरल्यासारखं ते वाटतं, पण ते बिल नाही. मी स्वतः २०१० च्या आसपास एका गावाच्या हद्दीत ताशी अठरा मैल जास्त वेगाने पकडला गेलो, घरी आलो, चहा होईपर्यंत पैसे भरून टाकले, बायकोला म्हणालो झालं एकदाचं. लायसन्सवर चार पॉइंट लागले (हे पॉइंट म्हणजे चुकांची नोंद, साचले तर महागात पडतात) आणि पुढे इन्शुरन्सचं रिन्युअल आलं तेव्हा कळलं की दंड हा त्यातला सगळ्यात स्वस्त भाग होता.

करायचं काय, तर नॉट गिल्टी म्हणून तारीख घ्यायची आणि त्या गावाच्या म्युनिसिपल कोर्टात सरकारी वकिलाशी बोलायचं (बरीच कोर्टं आता झूमवर घेतात). रेकॉर्ड बरं असेल तर बऱ्याचदा ते "अनसेफ ड्रायव्हिंग"वर उतरवतात. त्याला पहिल्या दोन वेळा शून्य पॉइंट, पण २५० डॉलरचा वेगळा सरचार्ज लागतो, त्यामुळे कोर्टातून बाहेर येताना खिसा हलका आणि डोकं शांत असं काहीतरी होतं. पाच वर्षांच्या आत तिसऱ्यांदा झालं तर मात्र चार पॉइंट.

पॉइंटचं गणित काय आहे?

वेगमर्यादेच्या वर १४ मैलांपर्यंत २ पॉइंट, १५ ते २९ ला ४, तीस किंवा जास्त असेल तर ५. केअरलेस (निष्काळजी) चालवणं २, रेकलेस (बेदरकार) ५, पुढच्याला चिकटून चालवणं ५ (हे आपल्या लोकांना खरंच वाटत नाही, पुण्यात ते अंतर म्हणजे वाया गेलेली जागा). तीन वर्षांत ६ पॉइंट झाले की वर्षाला १५० डॉलर सरचार्ज आणि पुढच्या प्रत्येक पॉइंटला २५. बारा झाले की लायसन्स सस्पेंड. वर्षभर काहीही न करता काढलं तर ३ कमी होतात आणि डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगचा कोर्स केला तर २. पेनसिल्व्हेनियात किंवा न्यूयॉर्कात तिकीट घेतलंत तर ते तिथेच राहतं असं समजू नका, इथे २ पॉइंट येऊन बसतात.

फोन हातात धरला तर?

पहिल्या वेळी २०० ते ४०० डॉलर, दुसऱ्या वेळी ४०० ते ६००, तिसऱ्या वेळी ६०० ते ८०० आणि ३ पॉइंट. सिग्नलला थांबलेलो होतो हे कारण चालत नाही.

अजून कुठले नियम नवीन माणसाला माहीत नसतात?

स्कूल बसचे लाल दिवे चमकत असतील तर पंचवीस फूट लांब थांबायचं, समोरून येत असलात तरी थांबायचं, मध्ये दुभाजक असेल तर मात्र दहा मैलांच्या वेगाने हळू जाता येतं. चुकलात तर ५ पॉइंट. वायपर चालू असतील तर हेडलाइट चालू पाहिजेत. छतावरचा बर्फ न काढता निघालात तर दंड, आणि तो बर्फ उडून कोणाचं नुकसान झालं तर दोनशे ते हजार डॉलर. आठ वर्षांखालचं आणि ५७ इंचांपेक्षा बुटकं मूल मागे कार सीट किंवा बूस्टरमध्येच, दोन वर्षांखालचं आणि तीस पौंडांपेक्षा कमी वजनाचं असेल तर तोंड मागे करून. मांडीवर बाळ घेऊन "इथेच तर जायचंय, ओक ट्री रोडवर" हे नको. डावीकडे वळायला उजवीकडून बाहेर पडायचं, त्या जगहँडलची सवय हळूहळू होते. आणि पेट्रोल स्वतः भरायचं नाही, १९४९ पासून इथे ते बेकायदा आहे, गाडीत बसून राहा. एवढा एक नियम आपल्याला घरच्यासारखा वाटतो.

पार्टीत दोन बिअर घेतल्या, चालवू का?

नका. इथे गंमत अशी आहे की दारू पिऊन गाडी चालवणं न्यू जर्सीत क्राइम नाही, ते ट्रॅफिकच्या कायद्यात येतं, टायटल ३९ मध्ये. ऐकून लोक खूश होतात. पण क्राइम नाही म्हणून ज्युरी नाही, आणि क्राइम नाही म्हणूनच एक्स्पंजमेंटही नाही, म्हणजे रेकॉर्ड पुसून घ्यायची सोय नाही. रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०८ टक्के, वय २१ च्या खाली असेल तर ०.०१. पहिल्या वेळीही गाडीत इंटरलॉक बसतो, त्यात फुंकल्याशिवाय गाडी चालू होत नाही, वर १२ ते ४८ तासांचा वर्ग आणि तीन वर्षं दरवर्षी हजार डॉलर सरचार्ज. पोलिसांच्या श्वासचाचणीत फुंकायला नकार देणं हा वेगळा गुन्हा. प्यायलेल्या मित्राच्या हातात तुमच्या गाडीची चावी दिलीत तर तुम्हीही अडकलात.

व्हिसावाल्यांनी हे नीट वाचा: नुसती अटक झाली, शिक्षा झालीच नाही, तरी स्टेट डिपार्टमेंट (अमेरिकेचं परराष्ट्र खातं) व्हिसाचा शिक्का रद्द करू शकतं. तुम्ही इथे असेपर्यंत स्टेटस तसंच राहतं, पण भारतात लग्नाला गेलात की परत येताना कॉन्सुलेटमध्ये नव्याने सगळं सांगत बसायचं. उबर तीस डॉलरची पडते.

फेलनी आणि मिसडिमिनर म्हणजे काय?

बाकी राज्यांत फेलनी म्हणजे गंभीर गुन्हा आणि मिसडिमिनर म्हणजे किरकोळ, पण न्यू जर्सीत हे शब्दच नाहीत. इथे गंभीर गुन्ह्यांना इन्डायटेबल क्राइम म्हणतात आणि त्यांच्या चार पायऱ्या: फर्स्ट डिग्री १० ते २० वर्षं, सेकंड ५ ते १०, थर्ड ३ ते ५, फोर्थ दीड वर्षापर्यंत. त्या केसेस काउंटीच्या सुपीरियर कोर्टात जातात. त्याखाली डिसऑर्डरली पर्सन्स ऑफेन्स, सहा महिन्यांपर्यंत, आणि त्याचं धाकटं भावंड पेटी डिसऑर्डरली, तीस दिवसांपर्यंत. ही दोन म्युनिसिपल कोर्टात. फॉर्मवर "फेलनी झाली आहे का" विचारलं आणि तुमची थर्ड डिग्रीची केस असेल तर राज्य हा शब्द वापरत नाही म्हणून "नाही" लिहू नका, एक वर्षाच्या वर शिक्षा होऊ शकते अशा गुन्ह्याला बाकी देश फेलनीच समजतो.

सेल्फ चेकआउटला चुकून काहीतरी स्कॅन व्हायचं राहिलं तर?

चूक आणि चोरी यात फरक आहेच, पण दुकानाचे कॅमेरे तुमच्या हातांकडे बघत असतात, मनात काय होतं ते त्यांना दिसत नाही. वस्तू लपवणं हीच शॉपलिफ्टिंग, दाराबाहेर पडायची गरज नाही. किमतीचं स्टिकर बदलणंही तेच. दोनशे डॉलरच्या खाली असेल तर डिसऑर्डरली, दोनशे ते पाचशे फोर्थ डिग्री, पाचशेच्या वर थर्ड.

आता यातली खरी मेख. पहिल्यांदाच झालं असेल तर म्युनिसिपल कोर्टात "कंडिशनल डिसमिसल" नावाची सोय मिळू शकते, वर्षभर नीट वागा, केस रद्द. सगळे म्हणतात घेऊन टाक. पण त्यात आधी गिल्टी प्लीड करावं लागतं किंवा कोर्ट तसं ठरवतं, आणि इमिग्रेशनच्या कायद्याला पुढचं रद्द होणं दिसत नाही, ते त्याला कन्व्हिक्शनच धरतात. शिवाय चोरी हा त्यांच्या भाषेत "मॉरल टर्पिट्यूड"चा, म्हणजे नैतिक अधःपतनाचा गुन्हा. म्हणजे पस्तीस डॉलरच्या क्रीमवरून ग्रीन कार्ड लटकू शकतं. सही करण्याआधी वकिलाला इमिग्रेशनचं स्पष्ट विचारा, २०१० च्या अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर ते सांगणं क्रिमिनल वकिलाचं कामच आहे.

नवरा-बायकोचं भांडण झालं, शेजाऱ्याने ९११ लावला. आम्ही सांगू ना "घरचं आहे"?

सांगा, उपयोग नाही. अंगावर मारल्याची खूण दिसली तर पोलिसाला अटक करावीच लागते, त्याच्या मर्जीचा प्रश्न नाही. मग तात्पुरती रिस्ट्रेनिंग ऑर्डर (जवळ जायचं नाही, संपर्क करायचा नाही असा कोर्टाचा हुकूम), घरातून बाहेर, साधारण दहा दिवसांत फॅमिली कोर्टात सुनावणी. फायनल ऑर्डर झाली तर तिला इथे मुदत नाही, कोर्टाने उठवेपर्यंत ती राहते.

ऑर्डर असताना "सॉरी" असा मेसेजही पाठवायचा नाही. वहिनीला सांगून निरोप देणं हासुद्धा कॉन्टॅक्टच, आणि आपले लोक नेमके इथेच पुन्हा अडकतात कारण आपल्याकडे भांडण मिटवायचं म्हणजे कोणीतरी मध्यस्थी करायचीच. ही बाजू नवऱ्यांसाठी सांगितली, पण मार खाणाऱ्या बाईसाठी हाच कायदा आधार आहे. व्हिसा नवऱ्याच्या नावावर असला तरी ती ऑर्डर मागू शकते, रात्री कोर्ट बंद असेल तर पोलीस स्टेशनमधून जजशी बोलून तात्पुरती ऑर्डर मिळते.

मुलाला एक चापट मारली तर पोलीस नेतात का?

एका चापटीवर सहसा नाही, वळ उठले, जखम झाली तर प्रकरण वेगळं. या राज्याने शाळेतला मार १८६७ सालीच बंद केलाय, तेव्हापासून त्यांचं मत काय आहे ते लक्षात घ्या. आणि संशय आला तर कळवायची जबाबदारी इथे फक्त शिक्षक-डॉक्टरांवर नाही, प्रत्येकावर आहे, शेजारच्या काकूंवरसुद्धा.

मी एच-वन-बीवर आहे, बंदूक घेऊ शकतो का?

नाही, आणि हा न्यू जर्सीचा नाही, अख्ख्या देशाचा कायदा आहे. नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या व्हिसावर बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगणंच गुन्हा, हंटिंग लायसन्ससारखे मोजके अपवाद सोडून. ऑफिसच्या टीमबरोबर शूटिंग रेंजवर जाऊन हातात घेतलेली बंदूकही "जवळ बाळगणं" धरली जाऊ शकते, तो फोटो इन्स्टावर तर अजिबात नको. ग्रीन कार्डवाल्याला आणि सिटिझनला घेता येते.

मग त्यांना कशी घ्यायची?

सोपं नाही. आधी फायरआर्म्स पर्चेसर आयडी कार्ड, ज्याला इथे सगळे एफआयडी म्हणतात. अर्ज ऑनलाइन पण मंजुरी तुमच्या गावच्या पोलीस चीफची, त्यासाठी बोटांचे ठसे, दोन ओळखीची माणसं, मानसिक आरोग्याचे रेकॉर्ड बघायला संमती, आणि २०२२ पासून ट्रेनिंगही. एवढ्यावर रायफल किंवा शॉटगन मिळते, वय १८. हँडगन हवी तर वय २१ आणि प्रत्येक हँडगनला वेगळं परमिट, तीस दिवसांत एकच. मॅगझिन दहा गोळ्यांपर्यंत.

हे सगळं होऊनही ती घरात ठेवायची परवानगी झाली, कमरेला लावायची नाही. त्याला कॅरी परमिट वेगळं. जून २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाचा ब्रुएन निकाल येईपर्यंत ते सामान्य माणसाला जवळपास मिळतच नव्हतं, "खास गरज" सिद्ध करायला लागायची. आता मिळतं, पण त्याच डिसेंबरमध्ये राज्याने कुठे-कुठे न्यायची नाही याची लांबलचक यादी केली आणि तिच्यावर कोर्टात भांडणं चालूच आहेत. घर ते रेंज नेताना गोळ्या काढून, बंद पेटीत किंवा डिकीला कुलूप लावून.

मुलाला वाढदिवसाला बीबी गन आणली, खेळणंच आहे ना?

थांबा. जत्रेत फुगे फोडायची छऱ्याची बंदूक आठवते ना, तीच. न्यू जर्सीच्या कायद्यात हवेच्या दाबाने छरा मारणारी बंदूक ही फायरआर्म आहे. तिलाही एफआयडी लागतं, पिस्तुलासारखी असेल तर हँडगनचं परमिट. पेनसिल्व्हेनियाच्या दुकानात ती खेळण्यांइतक्याच सहज मिळते आणि डेलावेअर नदीचा पूल ओलांडला की तुम्ही विनापरवाना बंदूक घेऊन फिरताय. बेचकीसुद्धा इथे बंदी असलेल्या हत्यारांच्या यादीत नावानिशी आहे, कायदेशीर कारण सांगता आलं नाही तर फोर्थ डिग्री. आंबे पाडायला म्हणालात तर इथे आंब्याची झाडं नाहीत हा पुढचा प्रश्न येईल.

चुलतभाऊ डॅलसला असतो, तो तर बंदूक घेऊन फिरतो. इकडे येताना आणली तर?

टेक्सासमध्ये सप्टेंबर २०२१ पासून परमिटशिवाय फिरता येतं. इथे त्याच गोष्टीला सेकंड डिग्री क्राइम म्हणतात आणि ग्रेव्ह्ज अ‍ॅक्टखाली (बंदुकीच्या गुन्ह्यांना सक्तीचा तुरुंगवास देणारा इथला कायदा) साधारण साडेतीन वर्षं पॅरोलशिवाय आत. दुसऱ्या राज्याचं परमिट न्यू जर्सी मानत नाही, एकाचंही नाही. २०१३ मध्ये फिलाडेल्फियाची एक आई, दोन मुलांची, पेनसिल्व्हेनियाचं पक्कं परमिट असलेली, अटलांटिक काउंटीत साध्या ट्रॅफिक स्टॉपला थांबवली गेली आणि तिने स्वतःच पोलिसाला सांगितलं की गाडीत बंदूक आहे. प्रामाणिकपणे सांगितलं म्हणून सुटली नाही, अटक झाली, तुरुंगात राहावं लागलं, शेवटी २०१५ मध्ये गव्हर्नरने माफी दिली. तिचं काय चुकलं, तर राज्याची हद्द ओलांडली. भावाला सांगा घरी ठेवून ये.

पेपर स्प्रे चालतो का?

चालतो, १८ च्या वर, पाऊण औंसापर्यंतची छोटी बाटली, स्वसंरक्षणासाठी. ऑनलाइन मोठा डबा मागवू नका.

रात्री चोर घरात शिरला तर?

स्वतःच्या घरात माघार घ्यायची सक्ती नाही. रस्त्यावर मात्र सुरक्षित निघून जाता येत असेल तर जीवघेणी ताकद वापरायच्या आधी निघून जाणं कायद्याने अपेक्षित आहे, आणि पळणाऱ्याच्या मागे लागून मारणं हे स्वसंरक्षण होत नाही.

गांजा आता लीगल आहे ना?

राज्यात हो, २०२१ पासून, वय २१, जवळ सहा औंसांपर्यंत, दुकानं एप्रिल २०२२ पासून. घरी कुंडीत लावणं अजून गुन्हा. पण इमिग्रेशन केंद्राकडे आहे, राज्याकडे नाही, आणि केंद्राच्या कायद्याला गांजा मान्य नाही. नागरिक नसाल तर दुकानाची पावतीही नको आणि एअरपोर्टवर "कधीतरी घेतो" असं बोलूही नका. बंदूक घेताना भरायच्या फॉर्म ४४७३ मध्येही हा प्रश्न असतो, उत्तर खोटं दिलं तर तो वेगळा गुन्हा.

दिवाळीत फटाके?

२०१७ पासून फुलबाज्या आणि त्या काळ्या सापाच्या गोळ्या चालतात. लवंगी माळ, सुतळी बॉम्ब, रॉकेट नाही. पेनसिल्व्हेनियात सगळं मिळतं म्हणून दर ऑक्टोबरला कोणीतरी डिकी भरून आणतंच. इथे वाजवणं, नुसतं जवळ ठेवणंही पेटी डिसऑर्डरली, आणि ग्रुपमध्ये "आणलेत, कोणाला हवेत, वाटून घेऊ" म्हणून पैसे घेतलेत तर विक्री झाली, ती फोर्थ डिग्री.

अटक झालीच तर जामिनाचे पैसे कुठून आणायचे?

सिनेमातला बेल बॉन्ड इथे जवळपास संपला, १ जानेवारी २०१७ पासून. किरकोळ प्रकरणात समन्स देऊन सोडतात. वॉरंटवर नेलं तर ४८ तासांच्या आत माणसाची जोखीम बघून सोडायचं ठरवतात, किंवा सरकारी वकील आत ठेवायची मागणी करतात. तोपर्यंत नाव-पत्ता खरा सांगा आणि पुढे एकच वाक्य, मला वकील हवाय. आपल्याला गप्प बसणं उर्मटपणा वाटतो, पोलीस चहा-पाणी विचारून छान बोलतो आणि आपण सगळी कहाणी सांगून बसतो, तसं करू नका.

इंग्रजी कच्चं आहे, आईवर केस आहे, मुलगा भाषांतर करेल?

मुलाला नेऊ नका. कोर्ट दुभाषा फुकट देतं, मराठीचाही मागता येतो, तारीख मिळाली की लगेच कोर्टाच्या ऑफिसला फोन करून सांगायचं. "हिंदी चालेल का" असं तिकडून विचारतील. आईला हिंदी नीट येत नसेल तर नाही म्हणा, तारीख पुढे गेली तरी चालेल.